तो फोटो शिराझचा नव्हता

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण नाशिकच्या रेड वाइनवर पानभर मजकूर छापला. मजकूर बरा होता. पण वरच्या मोठ्या रंगीत फोटोखाली ‘शिराझच्या घडांनी लगडलेली बाग’ असं लिहिलं होतं, आणि तो फोटो शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाचा, नव्हता. ती जम्बो होती. काळी, लांबट, अंगठ्याच्या पेराएवढ्या मण्यांची, बिनबियांची, खायची जम्बो. वर तारांचा मंडप, खाली लोंबणारे घड, आणि घडाला हात लावून उभा असलेला कुणी पाहुणा.

सकाळच्या चहाला मी तो फोटो आमच्या ह्यांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “जाऊ दे गं, वाचणाऱ्याला काय कळतंय.” तेच मला लागलं. आमच्या दिंडोरी-निफाडकडचं शेंबडं पोरसुद्धा खायच्या द्राक्षांतली थॉमसन कुठली अन् सोनाका कुठली हे लांबून सांगतं. कांद्यात लाल आणि उन्हाळ कुणी एक करत नाही. टोमॅटोचे वाण आम्ही कंपनीच्या नावानिशी लक्षात ठेवतो. आणि याच मातीत वीस-पंचवीस वर्षं पिकणाऱ्या शिराझला मात्र सगळे ‘वाइनची द्राक्षं’ म्हणून मोकळे होतात. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्याच हातात आहे, पण मधलं काही गाळलंत तरी फोटोचं तेवढं गाळू नका.

आधी मी कोण ते सांगते. दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. २००६ साली त्यातल्या दोन एकरांवर आम्ही शिराझ लावली. आज एक एकर उरली आहे, कशी ते पुढे येईल. मी बारावी शिकलेली, माळकऱ्यांच्या घरातली सून. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, गळ्यात पन्नास वर्षं तुळशीची माळ होती आणि पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेल्याचं एकही वर्ष त्यांनी चुकवलं नाही. घरात दारूचा थेंब आलेला नाही. वाइन मी आजवर प्यालेली नाही. तरी ही वेल मला ओळखू येते, अंधारातसुद्धा, नुसता शेंडा चाचपून. शिराझच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव असते, वासराच्या कानाला असते तशी. थॉमसनचा शेंडा चकचकीत लागतो.

घड म्हणाल तर मध्यम, सरळसोट, नळकांड्यासारखा. मणी लहान, थोडे अंडाकृती, निळसर काळे, वर दाट पांढरी भुकटी. ही भुकटी औषधाची नव्हे, मण्याची स्वतःचीच. नाशिकला येणारे पाहुणे फवारा समजून ती पदराला पुसतात. आत बिया. साल जाड, चावली की दाताला तुरट. गोडी मात्र अशी की थॉमसन खाल्ल्यावर शिराझ खाल्ली तर थॉमसन पाणचट वाटावी. खायच्या द्राक्षाला आम्ही अठराच्या आसपास ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आली की खूश असतो. शिराझ बावीस-चोवीसपर्यंत जाऊ द्यावी लागते. चोवीसच्या रसात जी साखर असते तिची वाइन झाली की साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल भरतं, असं आम्हाला वाइनरीच्या माणसाने फळ्यावर गणित मांडून दाखवलं होतं.

शिराझला मंडप नसतो. उभ्या तारा, आणि फुटवे तारांमधून वर चढवलेले. लांबून बघाल तर ओळी कुंपणासारख्या दिसतात, घड कमरेच्या उंचीला आणि वर पानांची भिंत. मंडपाखाली फेब्रुवारीतही सावली मिळते, शिराझच्या ओळीत डोक्यावर ऊन. मजुरांना म्हणून ही बाग आवडत नाही. पेठ-सुरगाण्याकडून ज्या बाया आमच्याकडे येतात त्यांना शिराझ म्हणता येत नाही. त्या म्हणतात ‘शिऱ्याची बाग’. “वैनी, आज शिऱ्यात जायचं का जम्बोत?” पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचे. आता मीही शिराच म्हणते. आपल्या फोटोग्राफरला आमच्या बायांपैकी कुणीही सांगितलं असतं की तो फोटो शिऱ्याचा नाही.

आता लागवडीचं. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि चार-पाच वर्षांत आमच्याकडे जो तो वाइनचं बोलू लागला. एका वाइनरीचे लोक गावात आले, देवळाच्या ओट्यावर सभा झाली. करार, ठरलेला भाव, व्यापाऱ्याची कटकट नाही, पैसे बुडण्याची भीती नाही. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.) आमचे हे घरी आले ते ठरवूनच. आबा तेव्हा बाजेवर बसून माळ ओढत होते. मला वाटलं, आता रणकंदन. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ज्वारीचीबी दारू होती. म्हणून आपुन ज्वारी पेरायची सोडली का? पिकवा. पन घरात आनू नका.” विषय संपला. त्यानंतर शिराझच्या बागेत सगळ्यांत जास्त चकरा आबांच्याच.

पहिली दोन वर्षं आम्हाला आधीचं शिकलेलं विसरण्यात गेली. खायच्या द्राक्षाचं सगळं शास्त्र मणी फुगवण्याचं आहे. जीए या वाढीच्या औषधात घड बुडवायचं डिपिंग, विरळणी, खोडाची गोल साल काढायचं गर्डलिंग, पाणी, खत, सगळी धडपड मणी अठरा मिलिमीटरच्या पुढे जावा म्हणून. आणि वाइनरीचा माणूस येऊन म्हणतो, जीए अजिबात नको, मणी लहानच राहू द्या, पाण्याचा ताण द्या, एकरी चार-पाच टनांच्या वर माल धरू नका. आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी तर ऐकूनच कपाळाला हात लावला. म्हणाले, “वहिनी, पोराला उपाशी ठेवायचे पैसे देतात का हे लोक?”

लहान मणी का हवा, हे मला पुस्तकातून नाही, वाटीतून कळलं. माझी लेक तेव्हा सातवीत होती. तिने शिराझचे पाच-सहा मणी सालं काढून स्टीलच्या वाटीत चुरले. रस निघाला तो लिंबाच्या सरबतासारखा, फिका. बाहेरून एवढं काळंभोर द्राक्ष आणि आत रंगाचा पत्ता नाही. दुसऱ्या वाटीत तिने सालांसकट मणी कुस्करून झाकून ठेवले. संध्याकाळी झाकण काढलं तर रस जांभळा. सासूबाई वाकून बघायला गेल्या, वाटी कलंडली, आणि त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर जो डाग पडला तो त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेला नाही. साबण झाला, लिंबू झालं, ताक झालं. तर रेड वाइनचा रंग हा असा सालीतला आहे. गराला रंग नसतो. काही मोजक्या जातींचा गरही लाल असतो म्हणतात, पण शिराझ त्यातली नाही. तुरटपणाही सालीत आणि बियांत. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त; साल जास्त तर रंग जास्त, चव जास्त. आम्ही जीए मारून मणी फुगवला असता तर त्यांना पाणी विकल्यासारखं झालं असतं.

वाइनरीतही तेच चालतं, फक्त वाटीऐवजी मोठमोठ्या टाक्या. देठ काढून द्राक्षं फोडतात आणि रस सालांसकट आंबायला ठेवतात. यीस्ट साखर खातं, गॅस सुटतो, त्या गॅसने सालं वर येतात आणि दह्याच्या सायीसारखा जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा भाग सुकतो आणि रंग खाली उतरत नाही. आठ-दहा दिवसांनी रस वेगळा करून सालं दाबतात. त्याच काळ्या द्राक्षाचा रस सालीवर थोडेच तास ठेवला तर गुलाबी वाइन होते. उरलेला चोथा एक वर्ष आम्ही ट्रॉलीने परत आणून खतात घातला होता. आठवडाभर वस्तीला आंबूस वास, आणि आबांचं रोज एकदा, “शेवटी आनलीच का घरात?”

आपल्या लेखात ‘फ्रान्ससारखंच हवामान नाशिकला लाभलं आहे’ असं एक वाक्य आहे. कुणीतरी कधीतरी हे लिहिलं आणि तेव्हापासून ते जिकडेतिकडे फिरतंय. खरं तर उलटं आहे, आणि मला यातली गंमत फोटोपेक्षा मोठी वाटते. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते, पानं गाळते, वर्षातून एकदा छाटतात, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे हवा गार होत जाताना, फळ पिकतं. आमच्याकडे वेल झोपतच नाही. सोडून दिली तर वर्षभर वाढतच राहील. म्हणून आम्ही तिला दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यात फळ घ्यायचं नाही, नुसती काडी तयार करायची. त्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यात पुढच्या घडाचं बीज धरतं. मग पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी, तिचं फळ जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. म्हणजे तिकडे फळ उन्हातून गारव्यात जातं, आमचं निफाडच्या थंडीतून निघून उन्हाळ्याच्या तोंडावर येऊन उभं राहतं. ऊन चढलं की साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने पडतो. वाइनला दोन्ही लागतात. म्हणून शेवटचे पंधरा दिवस वाइनरीचा माणूस दर दोन दिवसांनी पिशवीत शंभर मणी घेऊन जातो. आपण समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर आहोत आणि फेब्रुवारीतल्या रात्री अजून गार असतात, एवढ्याच आधारावर हा सगळा खेळ चालतो. आणि आपण लिहिता, फ्रान्ससारखं हवामान.

तोडणीची वेळ साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर सांगतो, पण मी बी चावते. हिरवी बी दातात चिकटते आणि कडू लागते. पिकलेली बी तपकिरी होते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरते. ब्रिक्स तेवीस दाखवत असेल आणि बी हिरवी असेल तर मी ह्यांना सांगते, चार दिवस थांबा. मात्र फार थांबूनही चालत नाही. शिराझची एक खोड आहे, पिकली की तिचा मणी वेलीवरच सुकायला लागतो, सुरकुततो, वजन घटतं. भाव किलोवर, त्यामुळे सुरकुती आमच्या खिशाला पडते. दुसरी खोड म्हणजे फुटवे फार लांब आणि कमजोर. वारा सुटला की बुडापासून मोडतात. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, जिथलं हे मूळ, तिथल्या चढावर वेली खांबांना बांधतात ते याच कारणाने. आमच्याकडे छाटणीनंतर महिन्याभरात कुणी ना कुणी ‘तारेत घेतले का फुटवे?’ हे विचारत राहावं लागतं.

आणि गंधक. भुरीला, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीला, आम्ही गंधक मारतो, पिढ्यान्पिढ्या. शिराझवर तोडणीच्या बरंच आधी ते बंद करावं लागतं. एका वर्षी आमच्या गड्याने न विचारता शेवटी शेवटी एक फवारा मारला आणि वाइनरीतून फोन आला की टाकीला कुजक्या अंड्यांचा वास येतोय. सालीवरच्या गंधकाचं आंबताना तसं होतं. त्या टाकीचं पुढे त्यांनी काहीतरी निस्तरलं, पण ह्यांनी दोन दिवस जेवण नीट घेतलं नाही.

वासाचं निघालं म्हणून मिऱ्यांचं सांगते. लेकीच्या हट्टापायी एकदा आम्ही दोघं वाइनरीत गेलो. तिथल्या वाइन करणाऱ्या साहेबांनी आमच्याच बागेच्या शिराझचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, आमच्याकडे चालत नाही. ते म्हणाले, काकू, पिऊ नका, नुसता वास घ्या. ग्लास नाकाशी नेला आणि माझ्या तोंडून निघालं, “मिरे!” अगदी दगडी खलात नुकते फोडलेले काळे मिरे. त्यामागे पिकलेलं जांभूळ आणि किंचित धूर. साहेबांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, शिराझची खूणच ती. मिऱ्यात जे द्रव्य असतं, रोटंडोन, तेच या द्राक्षाच्या सालीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते जाहीर केलं. गार जागी पिकलेल्या शिराझमध्ये जास्त, उन्हातल्या शिराझमध्ये कमी. मग ह्यांनी ग्लास घेतला. हुंगला, पुन्हा हुंगला. “मला तर काहीच येत नाही,” म्हणाले. साहेब हसले, पाचातल्या एकाला हा वास मुळी येतच नाही, नाकच तसं असतं. वीस वर्षं मी भाजीत मिरे कमी-जास्त झाले म्हणून ह्यांची बोलणी खात नव्हते, याचं कारण त्या दिवशी कळलं.

ग्लास मी खाली ठेवला, प्याले नाही. रेड वाइन हृदयाला चांगली असं आपल्या लेखात एका ओळीत आलंय, ते मला पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. आम्ही या पिकावर पोट भरतो म्हणून ते औषध होत नाही.

आता लेखातली दुसरी मोठी चूक. ‘इराणमधल्या शिराझ शहरातून हे द्राक्ष जगभर गेलं.’ ही गोष्ट गोड आहे. ऱ्होनच्या काठी एर्मिताज नावाची टेकडी आहे. तिथे धर्मयुद्धातून परतलेला एक सरदार संन्यासी होऊन राहिला आणि त्याने पूर्वेकडून ही वेल आणली असं तिकडे सांगतात. इराणच्या शिराझमध्ये जुन्या काळी नामांकित वाइन होत असे, म्हणून गोष्टीला बळही मिळालं. आमच्याकडे रामशेजवर राम झोपला होता असं आम्ही सांगतो, तसंच ते. पण १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी मिळून या वेलीचे आईबाप डीएनए तपासून शोधले. दोघेही आग्नेय फ्रान्सचेच. बाप द्यूरेझा, काळ्या द्राक्षाचा. आई माँद्यूझ ब्लांश, पांढऱ्या द्राक्षाची. दोघांनाही आज त्यांच्या गावाबाहेर फारसं कुणी विचारत नाही. पोराने मात्र जग पालथं घातलं. माझी लेक आता कृषी पदवीधर आहे, तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, असं आपल्या आळीत चार घरांत आहे.

फ्रान्समध्ये तिला सिराह म्हणतात. जेम्स बस्बी नावाच्या माणसाने युरोपातून शेकडो जातींच्या काड्या जमवल्या आणि त्या १८३२ साली ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. त्यांत ही होती. तिकडे तिचं नाव पडलं शिराझ. म्हणून आपल्याकडेही काही बाटल्यांवर शिराझ असतं, काहींवर सिराह, द्राक्ष एकच. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली अजून फळ देतात. युरोपच्या बागा एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या किडीने, फायलोक्झेराने, उभ्याच्या उभ्या खाल्ल्या. ती कीड बरोसात पोहोचली नाही. युरोपने मग अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिकडच्या वेलीच्या मुळांवर, कलमं करून बागा वाचवल्या. आमच्याकडे खुंट आले ते क्षारांसाठी आणि पाण्याच्या टंचाईसाठी. थॉमसनला डॉगरीज, आमच्या शिराझला ११० आर. १८४३ ची वेल म्हणजे आपल्याकडे पेशवाई जाऊन पंचवीसच वर्षं झाली होती तेव्हाची. आमच्या नाशिकला पंधरा वर्षांची बाग म्हातारी म्हणून काढतात. मला एकदा त्या वेलीचं खोड हाताने बघायचं आहे, बाकी परदेशाची हौस नाही.

आता तो राहिलेला एक एकर. २००८ च्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला, जगात मंदी आली, हॉटेलं ओस पडली आणि वाइन पडून राहिली. २००९ च्या फेब्रुवारीत आमचा माल तयार झाला, पण ठरलेली गाडी आली नाही. फोन केला की ‘उद्या’. ब्रिक्स चोवीसचे सव्वीस झाले, मणी सुरकुतले, आणि गाडी काही आली नाही. त्या वाइनरीचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्याकडचे काही लोकही पगाराविना घरी गेले होते. शेवटी दोन क्रेट नमुन्याला घेऊन हे बाजार समितीत गेले. व्यापाऱ्याने एक मणी तोंडात टाकला, बी चावली, थुंकला आणि म्हणाला, “दादा, द्राक्षं आणा म्हटलं तर करवंदं काय आणली?” खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, देशी बाजार आहे, काहीतरी वाट निघते. बियांच्या, लहान, जाड सालीच्या शिराझला वाइनरीवाचून दुसरं दार नाही. तो माल आम्ही तोडून बांधावर टाकला. तीन दिवस पाखरं आणि मधमाश्या. आदल्या वर्षीची बाकीही बुडाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात कित्येकांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. आम्ही एका एकराचा खुंट तसाच ठेवून वर थॉमसनची कलमं फिरवली. दुसऱ्या एकराला कुऱ्हाड लावायला गडी आले तेव्हा आबा ओळीत जाऊन उभे राहिले. तेच आबा. म्हणाले, “झाडानं काय केलं? करार मान्सानं मोडला.” चार वर्षं त्या एकरात घरचं पदरमोड करून वेली जगवल्या, थोडा माल ओळखीत कुठेकुठे गेला. मग दुसऱ्या वाइनरीशी करार झाला, तो अजून चालू आहे आणि पैसे वेळेवर येतात. आबा गेले तेव्हा बाग चांगल्या फळावर होती.

यातलं एकही वर्तमानपत्रात आलं नाही, कारण बातमीत ‘द्राक्ष उत्पादक’ एवढंच असतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. पंचनाम्याच्या कागदावर पीक: द्राक्ष. तलाठ्याचा दोष नाही, त्याला रकानाच तेवढा. पण गारेने फुटलेला शिराझचा मणी वेलीवरच आंबायला लागतो, त्याला व्हिनेगरचा वास येतो, आणि तसे चार घड क्रेटमध्ये निघाले की वाइनरी अख्खी गाडी परत पाठवू शकते. तो हिशेब थॉमसनच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा आपल्या पानावर दोन आठवडे वाइन शेतकऱ्याची की दारूवाल्याची यावर भांडण चाललं. दोन्ही बाजूंनी आमचं नाव घेतलं. त्या सगळ्या मजकुरात शिराझ, कॅबर्ने, झिनफँडेल, शेनिन ब्लांक या वाइनच्या जातींतला एकही शब्द मला दिसला नाही. ज्याच्या नावाने भांडता त्याला एकदा बघून तर या.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी की तो फोटो जम्बोचा होता. आणि आपल्या फोटोग्राफरला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पाठवावं. तोडणी पहाटे पाचला सुरू होते, बायांच्या डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या असतात, कारण फळ गार असतानाच गाडीत चढलं पाहिजे. नऊनंतर आलात तर रिकामी बाग दिसेल. स्वेटर लागेल. घड झाडावर असतानाच फोटो घ्यावा, आणि एक मणी फोडून बिया तळहातावर ठेवून दुसरा, म्हणजे पुन्हा कुणाचा घोळ होणार नाही. चहा-भाकरी आमच्याकडे. फक्त पांढरा शर्ट घालून येऊ नका म्हणावं.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक
(कृपया नाव छापू नये. आमचे हे म्हणतात, करार अजून चालू आहे.)